पोतं परवडत नाही त्याने गाय विकावी? हे मला मुळीच मान्य नाही

बांधावरची_शेवरी
काल एका गटावर एक पोस्ट वाचली आणि रात्री झोप लागली नाही. लिहिणाऱ्याचं म्हणणं असं: "झाडपाला घालून दूध काढणारे लोक गायीला उपाशी मारतात. ज्याला खुराकाचं पोतं परवडत नाही त्याने गाय विकून मोकळं व्हावं." खाली दोनशे अंगठे.

माझ्याकडे तीन गायी आहेत, अकरा वर्षं झाली. बांधावर शेवरी, सुबाभूळ आणि गिरिपुष्प ही चाऱ्याची झाडं लावलीत. दर गायीला रोज साधारण पाच किलो सुबाभळीचा ओला पाला जातो, बाकी कडब्याची कुट्टी आणि हिरवं गवत. आता हिशोब करा. पाच किलो ओल्या पाल्यात सव्वा किलोच्या आसपास कोरडा भाग. त्यात २२ टक्के प्रथिनं धरली तरी पावणेतीनशे ग्रॅम होतात. २० टक्क्यांच्या खुराकातून तेवढी प्रथिनं मिळवायला जवळजवळ दीड किलो पोतं रिकामं करावं लागतं. ह्याला उपासमार म्हणायचं?

मी पोतं बंद केलेलं नाही. निम्मं केलंय. माझ्या गायी सात-आठ लिटरच्या आहेत, वर्षाला वेत देतात, अंगावर चकाकी आहे. ज्याने ती पोस्ट लिहिली त्याने माझ्या गोठ्यात येऊन गायीच्या पाठीवरून हात फिरवावा आणि मग बोलावं.

वीस_लिटरवाला
दादा, ती पोस्ट माझी नाही, पण मी अंगठा दिला होता, म्हणून उत्तर देतो. तुम्ही प्रथिनांचा हिशोब मांडला, ऊर्जेचा कुठंय? पाल्यात प्रथिनं आहेत, कबूल. दूध नुसत्या प्रथिनांवर येत नाही. माझी गाय व्याल्यावर २० लिटरवर जाते. पोटाला जागा तेवढीच. ४०० किलोची गाय दिवसाला दहा ते बारा किलो कोरडा भाग खाते, त्यात पाला आणि कडबा भरला तर मका-भरडा कुठे घालू?

चार वर्षांपूर्वी असंच कुणाचं तरी ऐकून खुराक कमी केला होता. दोन महिन्यांत माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना खड्डे पडले, फासळ्या मोजता येत होत्या. सहा महिने माजावर आली नाही. ते वेत मी डोळ्यांनी वाया जाताना पाहिलंय. त्यामुळे "निम्मं पोतं" हे शब्द वाचले की माझं डोकं फिरतं.

बांधावरची_शेवरी
२० लिटरच्या गायीचं पोतं निम्मं करा असं मी कुठे लिहिलंय? माझी गाय आठ लिटरची आहे हे पुन्हा वाचा. बहुतेक छोट्या गोठ्यांत आठ लिटरच्याच गायी असतात आणि सल्ला मात्र सगळ्यांना वीस लिटरचा दिला जातो. माझा राग त्याच्यावर आहे.

शेपटीचे_केस
सुबाभळीचं एवढं कौतुक करताय म्हणून सांगते. आमच्या गायीला उन्हाळ्यात दुसरं काहीच नव्हतं, तीन आठवडे जवळजवळ नुसती सुबाभूळ घातली. शेपटीचा गोंडा गळून गेला. शेपूट दोरीसारखी झाली होती. गाय लाळ गाळायची, चारा टाकायची. ह्याबद्दल कुणीच बोलत नाही.

रवंथ
ताई, ते मिमोसिन नावाच्या विषामुळे. सुबाभळीत असतंच. केस त्यानेच गळतात, आणि पोटात त्याचं जे रूपांतर होतं त्याने गळ्याची ग्रंथी सुजते. म्हणून एकूण कोरड्या चाऱ्याच्या ३० टक्क्यांवर सुबाभूळ जाऊ देऊ नये असं सांगतात. धागाकर्त्याचा पाच किलो पाला दहा-अकरा टक्क्यांतच बसतो, त्यांना त्रास न होण्याचं कारण हेच.

ह्याची कथा ऐकण्यासारखी आहे. हवाईतल्या शेळ्या वर्षानुवर्षं सुबाभूळ खाऊन ठणठणीत होत्या आणि ऑस्ट्रेलियातली गुरं आजारी पडत होती. रेमंड जोन्स ह्या ऑस्ट्रेलियन संशोधकाच्या लक्षात आलं की फरक पोटातल्या जिवाणूंत आहे. शेळ्यांच्या पोटातला रस गुरांच्या पोटात सोडला आणि ती गुरंही ते विष पचवू लागली. पुढे १९९२ मध्ये त्या जिवाणूला जोन्स ह्यांच्याच नावावरून नाव मिळालं. तुमच्या गायीच्या पोटात तो आहे की नाही हे बाहेरून कळत नाही, म्हणून मिसळून आणि मापात घालायचं.

शेपटीचे_केस
हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! आम्हाला "झाडपाला आहे, नैसर्गिक आहे, काही होत नाही" एवढंच सांगितलं होतं. घाणेरीही नैसर्गिकच आहे, एरंडही. घाणेरी खाऊन गुरांना कावीळ होते, उन्हात कातडी सोलून निघते. नैसर्गिक ह्या शब्दावर विसंबून जनावर मरतं.

हिरवं_डबकं
सगळं सोडा आणि अझोला करा, पाण्यावर तरंगणारी ती बारीक हिरवी वनस्पती. घराच्या मागे खड्डा, त्यात प्लास्टिक, शेण, पाणी. आठ दिवसांत तयार. २५ टक्के प्रथिनं! मी रोज दोन किलो घालतो, पोत्याची गरजच नाही.

रवंथ
भाऊ, २५ टक्के हे वाळवलेल्या अझोलाचे. ओल्या अझोलात ९४ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. दोन किलो म्हणजे १२० ग्रॅम कोरडा भाग, त्यातून ३० ग्रॅम प्रथिनं. एक लिटर दुधासाठी गायीला ८०-९० ग्रॅम लागतात. तुमचे दोन किलो म्हणजे पाव-अर्धा लिटर दुधाची सोय. कोंबड्यांना घाला, छान आहे. गायीचं पोतं त्याने सुटत नाही.

हिरवं_डबकं
माझ्या गायीचं दूध लिटरभर वाढलं ते मी मोजलंय. तुम्ही कागदावर मोजा.

रवंथ
अझोला सुरू केला त्याच आठवड्यात आणखी काय बदललं? पाऊस सुरू झाला होता का? हिरवं गवत आलं होतं का?

हिरवं_डबकं
आलं होतं. पण सगळं गवतानेच झालं असं मी मानणार नाही.

कडबाकुट्टी
ज्यांच्याकडे बांधावर झाडं नाहीत त्यांनी काय करायचं? आमच्याकडे भाताचा पेंढा आणि कडबा एवढंच. पेंढ्यात प्रथिनं तीन-चार टक्के. पोटातल्या जिवाणूंना सात टक्क्यांच्या आसपास लागतात, नाहीतर पेंढा पोटात तसाच पडून राहतो आणि गाय खाणंच कमी करते. म्हणून मी युरिया प्रक्रिया करतो. १०० किलो पेंढ्याला चार किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, पाय देऊन दाबायचा, प्लास्टिकने हवाबंद करून २१ दिवस ठेवायचा. उघडल्यावर अमोनियाचा वास डोळ्यांत जातो. पसरून वास उडू द्यायचा, मग घालायचा. प्रथिनं दुप्पट होतात, पेंढा मऊ पडतो.

दावण_रिकामी
युरिया. ह्या शब्दावर मी गप्प बसणार नाही. आमची गाय युरियानेच गेली. प्रक्रियेसाठी पाणी कालवून बादली ठेवली होती, घरातलं माणूस प्लास्टिक आणायला आत गेलं. गाय दावं सोडवून आली आणि बादली प्यायली. अर्ध्या तासात थरथरायला लागली, तोंडाला फेस, पोट फुगलं, पाय ताणून पडली. डॉक्टर पोचायच्या आत संपली. पाचवा महिना गाभण होती. आणि तुम्ही इथे कृती लिहिताय, स्वयंपाकाची लिहावी तशी.

कडबाकुट्टी
तुमचं दुःख समजतं. पण गाय युरियाचं पाणी प्यायली, प्रक्रिया केलेला पेंढा खाऊन गेली नाही. बादली उघडी ठेवली ही चूक पद्धतीची नाही.

दावण_रिकामी
म्हणजे चूक आमची! सांगून टाका सरळ, आम्हीच गाय मारली.

वीस_लिटरवाला
कडबाकुट्टी, हे बोलायची गरज नव्हती.

कडबाकुट्टी
बरोबर आहे, तसं लिहायला नको होतं. शब्द मागे घेतो. पद्धत मागे घेणार नाही, कारण तिच्यावर माझ्या दोन गायी सलग चार उन्हाळे तगल्या आहेत. पण कृतीत जे राहिलं ते लिहितो: युरियाचं पाणी कालवलं की त्याच्याजवळून माणूस हलायचा नाही, गुरं बांधलेली हवीत, पाणी डबक्यात साचू द्यायचं नाही, सहा महिन्यांच्या आतल्या वासराला हा पेंढा घालायचा नाही. जनावराने युरिया खाल्लाच तर थंड पाणी आणि व्हिनेगर पाजतात, पण वेळ फार थोडा असतो, आधी डॉक्टरला फोन.

दावण_रिकामी
हे पहिल्याच प्रतिसादात हवं होतं. आमच्यासारखं वाचून करणारे असतात.

वीस_लिटरवाला
पोत्याच्या बाजूने एवढं बोललो, तर पोत्याचंही एक सांगतो. ओल आलेल्या, बुरशी धरलेल्या पेंडीत अफलाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं आणि ते दुधात उतरतं. मागच्या पावसाळ्यात माझ्याकडच्या दोन पोत्यांना खालून काळी बुरशी होती. मी ती फेकली, पण शेजारी म्हणाला, उन्हात वाळव आणि घाल. वाळवून ते विष जात नाही. त्यामुळे पोतं म्हणजे सुरक्षित आणि पाला म्हणजे धोका असं मी म्हणत नाही.

भारा_डोक्यावर
सकाळपासून वाचतेय. प्रथिनं मोजली, ऊर्जा मोजली, पाणी मोजलं. पाला कापून आणतं कोण, हे कुणी मोजलं? आमच्या घरी तीन गायींचा पाला मी आणि सासूबाई आणतो. सकाळी दोन तास. काटे लागतात, मान आखडते, आणि वर ऐकायचं की पाला फुकट आहे. पोत्याचे पैसे वहीत लिहितात, आमचे दोन तास लिहीत नाहीत. धागाकर्त्या दादांनी सांगावं, त्यांची सुबाभूळ कोण कापतं?

बांधावरची_शेवरी
ताई, आठवड्यातले पाच दिवस माझी बायको. लिहिताना हे माझ्या मनातही आलं नाही. तुमचं म्हणणं बरोबर आहे.

एवढं सांगतो की झाडं गोठ्याच्या कुंपणाला लावली तेव्हापासून चालणं वाचलं. लांबच्या बांधावर लावलेली पहिली ओळ चूक होती.

वीस_लिटरवाला
ठीक आहे. दुभत्या गायीचं पोतं मी एक मूठही कमी करणार नाही. पण दोन कालवडी आणि एक भाकड गाय आहे, त्यांना पाला चालेल हे पटलं. कुंपणाला गिरिपुष्प लावायचं तर कांड्या केवढ्या घ्यायच्या?

बांधावरची_शेवरी
पक्क्या फांदीच्या, चार-पाच फूट लांब, अंगठ्यापेक्षा जाड. पावसाच्या तोंडावर लावा. पहिली छाटणी वर्षभराने, घाई करू नका. वास उग्र असतो, गुरं सुरुवातीला तोंड फिरवतात. कापून चार-सहा तास सुकवून कुट्टीत मिसळा, आठवड्यात लागतात.

भारा_डोक्यावर
आणि कापणार कोण?

वीस_लिटरवाला
मी. सकाळची धार झाली की.