सरकारी खर्चाच्या जेवणाला हेल्थ स्टँडर्ड हवं की नको?

कडूगोड:
सरकारी हॉस्पिटलं, वसतिगृहं, शाळेतलं जेवण, जेल, ऑफिस कँटीन, जिथे जिथे सरकारी पैसा लागतो तिथे मीठ, साखर, तेल किती आणि भाजी-फळं किमान किती हे लेखी ठरलेलं असावं असं माझं स्पष्ट मत आहे. डब्ल्यूएचओ सांगते मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त आहे. सरकार एकीकडे बीपीच्या गोळ्या वाटणार आणि दुसरीकडे स्वतःच्याच किचनमधून खारट जेवण वाढणार, याला काय अर्थ आहे? न्यूयॉर्क शहराने 2008 लाच असे नियम केले. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणात भाजी किंवा फळ किती याचा किमान आकडा, जेवताना पाणी असलंच पाहिजे, ब्रेडच्या एका सर्व्हिंगमध्ये सोडियम (मिठातला मुख्य घटक) किती चालेल इथपर्यंत.

उगाच_कुणीतरी:
झालं, आता ताटात काय घ्यायचं तेपण सरकार ठरवणार. ऑफिसात मोठी माणसं काम करतात हो, कोल्ड्रिंक प्यायचं की नाही ते त्यांचं त्यांना कळतं.

पांढरा_कोट:
@उगाच_कुणीतरी ऑफिसचं एकवेळ सोडा. वॉर्डातला पेशंट, जेलमधला कैदी, शाळेतलं पोरगं, यांना चॉइस आहे कुठे? समोर येईल ते खायचं. म्हणजे त्यांच्या वतीने कुणीतरी ठरवतंच आहे, फक्त सध्या तो माणूस ठेकेदार आहे. आणि कँटीनमध्येही कोणी डबा उघडून बघणार नाहीये, घरून काय हवं ते आणा, नियम फक्त सरकार काय विकत घेतं याला आहे.

हिशोबनीस:
नियम लिहायला काय जातं? टेंडर सगळ्यात कमी बोलीला जातं, ताटामागे रेट तोच ठेवून वर फळं घाला, मीठ कमी करा म्हटलं की ठेकेदार फळ कापून कापून इतकं बारीक करेल की दिसणारपण नाही. चार वर्षं एका सरकारी मेसची बिलं बघितलीयेत मी (कुठली ते विचारू नका). कागदावर मेनू झकास असायचा!! आधी रेट वाढवा, मग स्टँडर्डच्या गप्पा मारा.

कडूगोड:
@हिशोबनीस रेटचं मान्य, पण मीठ कमी करायला जास्तीचे पैसे लागत नाहीत, जेवताना पाणी ठेवायलाही फार काही लागत नाही. आणि सरकार मोठं गिऱ्हाईक आहे, त्याने अट घातली की कंपन्या माल बदलतात. ब्राझीलमध्ये 2009 च्या कायद्याने शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातले किमान 30 टक्के छोट्या शेतकरी कुटुंबांकडून खरेदीला लावायचे ठरवलं, म्हणजे खरेदीच्या अटीतून बरंच काही करता येतं.

उगाच_कुणीतरी:
आणि अमेरिकेचं का नाही सांगत? 2010 चा शाळेच्या जेवणाचा कायदा, मग 2012 पासून प्रत्येक मुलाच्या ताटात फळ किंवा भाजी कंपल्सरी. पोरं ती घेतात आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकतात अशी बोंब झाली, मिठाच्या मर्यादा तर पुढे ढकलत ढकलत शेवटी सैल केल्या. पोराने खाल्लंच नाही तर तुमचं स्टँडर्ड काय कामाचं??

पांढरा_कोट:
टाकतात कारण बेचव शिजवतात आणि जेवायला वेळ देत नाहीत, यात भाजीचा काय दोष? मीठ एका दिवसात अर्धं केलं तर कोणीही ताट सरकवेल, हळूहळू कमी करा, जीभ जुळवून घेते. ट्रान्सफॅटचं (वनस्पती तुपासारख्या घट्ट केलेल्या तेलातला, हृदयाला वाईट फॅट) तर कोणाला चवीतून कळतही नाही, डेन्मार्कने 2003 मध्येच त्यावर मर्यादा आणली, एकूण फॅटच्या 100 ग्रॅममागे 2 ग्रॅम, अख्ख्या देशासाठी, तेव्हा कोणी उपाशी राहिल्याचं ऐकलं नाही.

हिशोबनीस:
हे पटलं. पण तपासणार कोण? मेसचा मॅनेजर स्वतःच रजिस्टर भरणार असेल तर मीठ कागदावरच कमी होणार. शिजलेल्या अन्नाचा नमुना न सांगता उचला, बाहेरच्या लॅबला पाठवा आणि फेल झालं तर बिलातून पैसे कापा. ही ओळ टेंडरमध्ये येणार असेल तर माझा पाठिंबा, नाहीतर चालू द्या.

उगाच_कुणीतरी:
हॉस्पिटल आणि शाळेपुरतं ठीक आहे बाबा. ऑफिसच्या व्हेंडिंग मशीनला हात लावलात तर मात्र मी परत येतोय भांडायला.