फ्रिजमधलं शेपू-काकडीचं लोणचं: कुरकुरीत राहावं म्हणून तुम्ही काय करता?

उन्हाळा लागला की इकडे अमेरिकेत शेतकरी बाजारात बुटक्या, खडबडीत सालीच्या काकड्यांचे ढीग लागतात. माझं नेहमीचं प्रमाण: अर्धा किलो काकड्या, एक कप पाणी, एक कप पांढरं व्हिनेगर (५% आम्लतेचं), मोठा चमचाभर बिनआयोडीनचं मीठ, ठेचलेला लसूण, मिरी, मोहरी आणि शेपू हात आखडता न घेता. चव छान येते. कुरकुरीतपणाचा मात्र भरवसा नाही, कधी कडाकड वाजतं, कधी लिबलिबीत. आपापले अनुभव लिहा.

न्यू जर्सी
फुलाकडचं टोक कापता का? आपण कडूपणा जावा म्हणून देठाकडचा तुकडा कापून घासत बसतो, पण इथे गुन्हेगार दुसऱ्या टोकाला असतो. तिथल्या विकरांमुळे (एन्झाइम्समुळे) काकडी मऊ पडते. दीड-दोन मिलिमीटरची चकती उडवली तरी पुरते.

टोरोंटो
+१. शिवाय काकडी तोडल्याच्या दिवशीच बरणीत गेली तर उत्तम. तेवढी ताजी नसेल तर आधी दोनेक तास बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवते. पार सुकलेली काकडी मात्र बर्फानेही सुधारत नाही, तिची सरळ कोशिंबीर करावी. आणि सुपरमार्केटातली मेणाचा थर दिलेली काकडी अख्खी घालू नका, सालीतून पाणी आत मुरतच नाही.

पुणे
इथे ती जात मिळत नाही. मी कोवळ्या, बिया न धरलेल्या गावठी काकड्या घेते आणि उभ्या चिरते. शेपूला पुण्यात तोटा नाही. बाटलीवरची आम्लता तेवढी वाचून घ्या, आपल्याकडे बरंच व्हिनेगर ४% असतं. तसं असेल तर मी पाणी कमी करते.
सासूबाईंनी बरणी उघडून विचारलं, "आणि तेल कधी घालणार?" आता जेवताना त्याच आधी बरणी मागतात.

नाशिक
तळाशी द्राक्षाचं पान घालून बघा. पानातल्या टॅनिनमुळे (तुरट द्रव्यामुळे) त्या विकरांना आळा बसतो. फक्त बागेतलं फवारलेलं पान नको, परसातल्या वेलाचं घ्या. टोक कापलं असेल तर पानाची तशी गरज नाही, पण मला बरणीत दिसायला आवडतं.

लंडन
उकळतं पाणी ओतू नका!! मीठ विरघळेपर्यंत गरम करायचं, पूर्ण गार करायचं, मगच ओतायचं.

टेक्सास
असहमत. गरम ओतलं की मसाला लवकर मुरतो, संध्याकाळी खाता येतं. थोडा कुरकुरीतपणा जातो, हे मान्य. पाहुणे दारात असतील तर गरम, नाहीतर गार.

ब्रुकलिन
इथल्या ज्यू डेलीत (तयार खाण्याच्या दुकानात) 'हाफ सावर' म्हणजे अर्धवट आंबलेलं काकडीचं लोणचं मिळतं, त्यात व्हिनेगर नसतंच. नुसत्या मिठाच्या पाण्यात काकडी आंबवतात. रंग हिरवागार, चव ताज्या काकडीच्या जवळची. शेजारच्या पोलिश आजी त्यांच्या आंबवलेल्या काकड्यांत हॉर्सरॅडिशचं (तिखट मुळाच्या एका झाडाचं) पानही घालतात. पण ते आंबवणं वेगळं, व्हिनेगरचं प्रमाण घेऊन तसं करू नका.

बंगळुरू
लसूण निळा-हिरवा झालाय! फेकू का सगळं?

न्यू जर्सी
नको नको. आम्लामुळे लसणाचा रंग तसा होतो, खायला चालतो. पाण्यावर बुरशी किंवा तार दिसली, वास बदलला, तर मात्र फेका.

पुणे
एक राहिलंच. हे लोणचं आपल्या कैरीच्या लोणच्यासारखं फडताळात टिकत नाही. बरणी हवाबंद केलेली नसते, ती थंडच राहायला हवी. आमच्याकडे गुरुवारी दिवसभर लाईट जाते, म्हणून बुधवारी बरणी लावायची नाही असं ठरवलंय. आणि उरलेल्या पाण्यात कांद्याच्या चकत्या टाकायच्या, मिसळीबरोबर झकास लागतात.