विषय: सौदीत इंग्लिश शिकवायची नोकरी, ग्रीन कार्ड चालेल का?

नमस्कार मंडळी,

मी ह्यूस्टनला असतो, ग्रीन कार्ड येऊन दोन वर्षं होतील. कोल्हापूरला एमए इंग्लिश, मग बीएड, सांगलीला ज्युनिअर कॉलेजात शिकवलं, इथे आल्यावर टेसॉलचं (परभाषिकांना इंग्लिश शिकवायचं) सर्टिफिकेट पण केलं. सौदीच्या एअर फोर्सच्या पोरांना शिकवायची एक जाहिरात आलीय, कंपनी अमेरिकन, राहायची सोय, वर्षाला तिकीट, सगळं जुळतंय पण खाली लिहिलंय 'फक्त यूएस सिटिझन, नेटिव्ह स्पीकर'. इतकी वर्षं हेच शिकवतोय तरी चालत नाही का? कुणी असं काम केलंय का, प्लीज सांगा.

स.

---

स.,

मी धहरानला अशाच कामावर होतो म्हणून लिहितोय. त्या ओळीत दोन अटी आहेत आणि दोन्हींची गोष्ट वेगळी आहे. सिटिझनची अट बहुतेक वेळा कंत्राटातूनच येते. काम अमेरिकन सरकारमार्फत चालत असेल तर सिक्युरिटी क्लिअरन्स (गुप्त माहिती हाताळायची सरकारी परवानगी) लागू शकतो आणि १९९५ च्या एक्झिक्युटिव्ह ऑर्डर १२९६८ प्रमाणे तो मोजके अपवाद सोडले तर फक्त नागरिकांनाच मिळतो, तिथे तुझं बीएड आणि टेसॉल कुणी बघणार पण नाही. भांडायलाही जागा नाही, कारण सरकारी कंत्राटातच तशी अट असेल तर कायदा कंपनीला तेवढी मुभा देतो. तेव्हा आधी एजंटला लेखी विचार, क्लिअरन्स लागतो का नुसता पासपोर्ट बघतात. जिथे क्लिअरन्स नसतो तिथे साधारण अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका एवढे पासपोर्ट मागतात. आपला भारतीय पासपोर्ट त्या यादीत बसत नाही, ग्रीन कार्ड असलं तरी.

आता 'नेटिव्ह स्पीकर'. हे मला मनापासून खटकतं. माझ्याकडे अमेरिकन पासपोर्ट होता तरी जन्मस्थळाच्या रकान्यात 'इंडिया' छापलेलं, ते बघून एका कंपनीच्या माणसाने फोनवर विचारलं की तुमची शाळा कुठे झाली, घरी कुठली भाषा बोलता. मी म्हटलं हा प्रश्न मला ईमेलवर लिहून पाठवा. पाठवला नाही, पुढच्या आठवड्यात कॉन्ट्रॅक्ट आलं. अमेरिकन कंपनी परदेशात अमेरिकन नागरिकाला नोकरी देते तेव्हा १९९१ पासून टायटल सेव्हन (वंश, मूळ देश असल्या कारणांवरून नोकरीत भेदभाव करू न देणारा अमेरिकन कायदा) तिथेही लागू आहे, आणि गिऱ्हाइकाला गोरा मास्तर हवाय हे कारण त्यात चालत नाही. म्हणून सिटिझन झालास की ही ओळ वाचून मागे सरू नकोस, बिनधास्त अर्ज टाक.

आणि वर्गात खरं काय लागतं ते सांगतो. बऱ्याच ठिकाणी सॅन अँटोनिओच्या लॅकलंड बेसवर तयार झालेला अमेरिकन लँग्वेज कोर्स चालतो, त्याची ३४ पुस्तकं, आणि शेवटी ईसीएल नावाची १०० मार्कांची परीक्षा, विमान उडवायच्या कोर्सला त्यात ८०-८५ लागतात. ऐकायच्या पेपरात हेडफोन लावून पोरं पेन्सिल हवेत धरून बसतात आणि पाठीवर घामाने शर्ट चिकटलेला असतो, कारण दोन मार्कांनी करिअर अडकतं. ती पोरं 'आय स्टुडंट' म्हणतात, कारण अरबीत वर्तमानकाळात आपल्यासारखं 'आहे' लागतच नाही. हे ज्याने इंग्लिश स्वतः घोकून शिकलंय त्याच्या पटकन लक्षात येतं, माझ्या शेजारच्या वर्गातला टेक्ससचा भला माणूस महिनाभर त्यांना नुसतं 'नो, नो' करत होता.

काका

---

काकांनी बरोबर सांगितलंय पण एक महत्त्वाचं राहिलं, भावजी तुम्ही घाई करू नका. सिटिझनशिपसाठी ग्रीन कार्डवर पाच वर्षं, त्यातले ३० महिने प्रत्यक्ष इथे राहावं लागतं (नवरा-बायको सिटिझन असेल तर तीन वर्षं). एका दमात सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलात तर सलग वास्तव्य तुटलं असं धरतात आणि तसं नव्हतं हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं, वर्षाच्या वर गेलात तर तुटलंच. म्हणजे ग्रीन कार्ड चालणारी नोकरी कुठे मिळाली तरी तिच्यापायी ज्या पासपोर्टसाठी थांबलाय तोच लांबतो. काही अमेरिकन कंपन्यांच्या आणि सरकारी कंत्राटातल्या कामासाठी बाहेर असताना सलग वास्तव्य तुटू नये म्हणून एन-४७० फॉर्म आहे, पण त्याच्या आधी ग्रीन कार्डवर पूर्ण एक वर्ष अमेरिकेबाहेर न जाता काढलेलं असावं लागतं, मधल्या गणपतीच्या भारतवारीने ते वर्ष मोडतं. रीएंट्री परमिटने (बराच काळ बाहेर राहून परत यायच्या परवान्याने) ग्रीन कार्ड वाचतं, सिटिझनशिपचं घड्याळ नाही, लोक इथेच फसतात. सही करायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला एकदा विचाराच.

म. वहिनी

---

वहिनी, काका, खूप आभार. मी दिवाळीत सांगलीला जाऊन आलो होतो म्हणजे ते एन-४७० चं वर्ष परत मोजायला लागणार. आणखी एक, पुढे सिटिझन झालो आणि फौजेच्या कंत्राटावर गेलो तर ओसीआयला (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात येऊ-राहू देणाऱ्या कार्डाला) अडचण येईल का? घरी आईबाबा एकटे आहेत, तेवढं नक्की हवं.

स.

---

परदेशी सैन्यात असलेल्या किंवा निवृत्त झालेल्या माणसाला ओसीआय मिळत नाही असा नियम आहे. आपण शिक्षक, सिव्हिलियन, गणवेश नाही की हुद्दा नाही. फॉर्ममध्ये नोकरी जशी आहे तशीच लिही, आणि कॉन्ट्रॅक्टवर 'सिव्हिलियन इन्स्ट्रक्टर' असं स्पष्ट लिहून घे. मधल्या काळात लॅकलंडच्या साईटवर त्यांच्या शिक्षकांच्या जागा निघतात त्या वाचत जा. तिथे पण सिटिझनच लागतो, पण ह्यूस्टनहून गाडीने तीन तासांवर आहे, घर हलवलं तरी टेक्ससातच राहशील.

काका