शब्दचर्चा: ‘ऑक्सिजन सॅग’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: नदीप्रदूषणाचा अंदाज बांधणाऱ्या गणिती प्रारूपांवर टिपण लिहिते आहे. सुरुवात स्ट्रीटर आणि फेल्प्स यांच्या १९२५च्या समीकरणापासून. ते ओहायो नदीच्या अभ्यासातून निघाले. सांडपाणी मिसळल्यावर पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचा आलेख खाली जातो, पुढे पुन्हा वर येतो. याला ‘प्राणवायूची घसरण’ म्हणावे का? आणि हवेतून प्राणवायू परत मिसळतो त्याला ‘पुनर्भरण’?

प्रतिसाद: ‘घसरण’ नको. त्यात नदीचे सावरणे येत नाही, आणि समीकरणाचा जीव तर त्यातच आहे. जिवाणू घाण कुजवताना प्राणवायू वापरतात, त्याच वेळी पृष्ठभागावरून तो आत येत असतो. आधी वापर जास्त, म्हणून तूट वाढते. तूट वाढली की हवेतून येण्याचा वेगही वाढतो. दोन्ही वेग बरोबरीला आले की आलेख तळ गाठतो आणि वर वळतो. मी ‘झोळ’ सुचवेन. दोन खांबांमधल्या तारेला पडतो तसाच हा वक्र दिसतो. फक्त ‘ळ’ जपा. ‘झोल’ छापले तर मुंबईचा वाचक घोटाळा समजेल.

प्रतिसाद: ‘झोळ’ आवडला. ‘पुनर्भरण’ मात्र भूजलासाठी रुळले आहे, वाचकाला विहीर आठवेल. ‘तूट’ आहेच, तर जोडीला सरळ ‘भरपाई’ घ्या.

प्रतिसाद: कृपा करून ‘मागणी’ आणि ‘तूट’ यांची सरमिसळ होऊ देऊ नका. बीओडी (बायोकेमिकल ऑक्सिजन डिमांड) ही मागणी: कुजण्याजोगी घाण किती प्राणवायू खाईल याचे माप. आपल्याकडे ती २७ अंशांवर ३ दिवस ठेवून मोजतात. तूट म्हणजे पाण्यात मावेल तेवढा प्राणवायू वजा प्रत्यक्षात असलेला. २० अंशांना लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. उन्हाळ्यात नदीची शिल्लकच कमी. मागणी सर्वाधिक असते नाल्याच्या तोंडाशी, तूट मात्र बरेच अंतर खाली. दोन्ही शब्द एकच मानले की नाल्याजवळ प्राणवायू बरा दिसला म्हणून नदी ठीक असल्याचे लिहिले जाते, आणि मासे मरतात खालच्या गावाजवळ.

प्रश्नकर्ती: ‘झोळ’ आणि ‘भरपाई’ घेते, मागणी-तुटीचा फरक सुरुवातीलाच लिहिते. झोळाच्या सर्वांत खालच्या जागेला ‘तळ’ म्हटले तर नदीचा तळ वाटेल, म्हणून तिथे ‘नीचांक’ योजते आहे.