लाकडी जिन्याच्या कडेच्या फटी कशा बुजवाव्यात?

प्रश्न
रत्नागिरीजवळच्या आमच्या जुन्या घरात माडीवर जाणारा सागवानी जिना असून त्याची एक बाजू जांभ्याच्या भिंतीला लागून आहे. भिंत आणि पायऱ्यांची टोके यांच्यामध्ये काही ठिकाणी करंगळी जाईल एवढी फट आहे. शिवाय पायरीचा पाट आणि मागची उभी फळी यांच्या सांध्यात उन्हाळ्यात बारीक फट पडते व पावसाळ्यात ती जवळजवळ मिटते. सुतार म्हणतात, भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून सगळीकडे भरावा. ते टिकेल का?

उत्तर
भिंतीकडे कदाचित टिकेल, मागच्या सांध्यात मुळीच नाही. लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते ते मुख्यतः रेषांच्या, म्हणजे लाकडात लांबीच्या दिशेने दिसणाऱ्या धाग्यांच्या, आडव्या दिशेने. लांबीत पडणारा फरक नगण्य असतो. पाटाच्या रेषा भिंतीकडे धावत असल्यामुळे तिकडची फट ऋतूनुसार फारशी बदलत नाही, ती भिंतीच्या उंचसखलपणामुळे राहिलेली असते. मागचा सांधा मात्र दरवर्षी उघडतो व मिटतो, त्यामुळे त्यात भरलेला कडक लगदा एका मोसमात तडकून सुटतो.

भिंतीकडे सागाची पातळ पट्टी भिंतीच्या आकाराप्रमाणे कापून बसवावी. पट्टी पाटावर भिंतीला टेकवून धरावी, कंपास सर्वांत रुंद पोकळीएवढा उघडावा आणि त्याचे टोक भिंतीवरून फिरवत पेन्सिलीने पट्टीवर रेघ उमटवावी. त्या रेघेपर्यंत लाकूड उतरवले की भिंतीचा प्रत्येक फुगवटा पट्टीत उतरतो. उरलेली केसाएवढी फट अ‍ॅक्रिलिक सीलंटने भरावी, कारण साध्या सिलिकोनवर रंग किंवा पॉलिश धरत नाही.

मागच्या कोपऱ्यात पाव गोलाची पट्टी (जिची दोन अंगे सपाट व समोरची बाजू गोलसर असते) लावावी, मात्र ती फक्त उभ्या फळीला ठोकावी. पाटाला खिळा मारला नाही, तर पाट पट्टीखाली मोकळा सरकतो आणि फट झाकलेलीच राहते.

दुसरे उत्तर
पट्टी बसवण्यापूर्वी पायऱ्यांच्या भिंतीकडील टोकांना पटाशीने टोचून पाहावे. लाकूड भुसभुशीत लागले किंवा भिंतीवर वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या, तर आधी त्याचा बंदोबस्त करावा. जांभा ओल धरतो आणि फट बुजवल्यावर आतले काहीच दिसत नाही. खिळे पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, कारण खाऱ्या हवेत लोखंड गंजते आणि सागावर काळे डाग पडतात. काम दिवाळीनंतर, भिंत पुरती सुकल्यावर काढावे.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. आमच्या पायऱ्या अरुंद आहेत. मागच्या पट्टीमुळे पाय ठेवायची जागा कमी होईल का?

उत्तर
साधारण 10 ते 12 मिलिमीटरची पट्टी पुरेशी आहे, त्याहून जाड घेऊ नये. जिना चढताना तिथे पायाची बोटे टेकतात, म्हणून पट्टीची कड पॉलिश पेपरने चांगली गुळगुळीत करावी आणि खिळ्यांची डोकी आत दाबून घ्यावीत.