शब्दचर्चा : ‘विकेंद्रित शोधयंत्र’ की आणखी काही?

गूगल-बिंगला पर्याय म्हणून उभ्या राहिलेल्या शोधयंत्रांवर लेख लिहितोय. ‘डीसेंट्रलाइज्ड’साठी ‘विकेंद्रित’ लिहिलं, पण वाचताना अडखळायला होतं. ‘इंडेक्स’ला ‘निर्देशांक’ केलंय. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

‘निर्देशांक’ आधी काढा. तो महागाईचा नि शेअर बाजाराचा; त्यात एक आकडा असतो, जो चढतो-उतरतो. ‘अनुक्रमणिका’ही नको, ती पुस्तकाच्या सुरुवातीला असते. तुम्हाला हवी आहे ती पुस्तकाच्या शेवटची सूची : शब्द आणि त्यापुढे पानांचे क्रमांक. शोधयंत्र हेच करतं. आपण विचारतो तेव्हा ते जग धुंडाळत नाही, आधीच करून ठेवलेल्या सूचीत बघतं. म्हणून खरा प्रश्न असा की सूची कुणाची?

हा प्रश्न विचारला की तुमच्या ‘विकेंद्रित’मध्ये कोंबलेल्या तीन वेगळ्या गोष्टी सुट्या होतात.

इंग्लंडचं मोजीक २००४पासून स्वतःचा क्रॉलर (दुव्यांवरून दुव्यांवर जात पानं वाचणारा प्रोग्राम) चालवून स्वतःची सूची करतं. स्वीडनचं मार्जिनालिया हे तर एका माणसाचं काम, जाहिरातबाज साइट मागे सारून जुन्या, मजकुराने भरलेल्या छोट्या साइट शोधणारं. ही दोन्ही ‘स्वतंत्र’ आहेत, पण सूची एकाच ठिकाणी आहे.

सर्क्सएनजीचं उलट. ते कुणीही आपल्या सर्व्हरवर बसवू शकतं, अशी ठाणी गावोगाव आहेत. पण प्रश्न विचारला की ते गूगल, बिंग वगैरेंनाच विचारून उत्तरं एकत्र मांडतं. दारं अनेक, कोठार परक्याचं. याला ‘विकेंद्रित’ म्हणा हवं तर, पण ‘स्वतंत्र’ म्हणू नका. ऑगस्ट २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टने बिंगची शोध-एपीआय, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्रामना बिंगची उत्तरं पुरवणारी सोय, बंद केली, तेव्हा तिच्यावर उभी असलेली किती छोटी शोधयंत्रं उघडी पडली! हा फरक शब्दातच दिसायला हवा, नाहीतर वाचकाची दिशाभूल होते.

तिसरं यासी. जर्मनीतल्या मिखाएल क्रिस्टेन यांनी २००३मध्ये सुरू केलेलं. यात मधोमध सर्व्हरच नाही. प्रत्येकजण आपल्या संगणकावर काही पानं वाचून सूची करतो, आणि कुठल्या शब्दाच्या नोंदी कुणी सांभाळायच्या हे गणिताने ठरतं. ‘पाऊस’ विचारलं की ‘पाऊस’च्या नोंदी ज्यांच्याकडे असतील त्यांना विचारणा जाते. संथ चालतं, निकालही कधीकधी कच्चे असतात, पण सूची सगळ्यांची असते. हे ‘वितरित’.

‘विकेंद्रित’ का खटकतं, तर आपल्याकडे हा शब्द पंचायत राज्याबरोबर रुळला. १९६२मध्ये जिल्हा परिषदा आल्या तेव्हा वरच्याने सत्ता खाली वाटली. यासीत वाटून देणारा वरचा कुणी नाहीच.

प्रतिसाद २

मग ‘वितरित’ तरी कसं चालेल? वितरणालाही वाटणारा लागतोच, रेशन दुकानासारखा. आमच्या गावी एकेक बैल असलेले दोन शेतकरी बैल एकत्र जुंपून दोघं मिळून एकमेकांची शेतं नांगरतात, त्याला सावड म्हणतात. यासीचं काम सावडीचंच दिसतंय.

प्रतिसाद ३

सावड सुंदर आहे, पण शहरी वाचकाला ‘अस्थी सावडणे’ आठवेल. मराठवाड्यात आम्ही वारंगुळा म्हणतो.

प्रतिसाद १

आठवू दे. सावडणे म्हणजे विखुरलेलं वेचून गोळा करणे, आणि इथे पानं वेचणंच चाललंय. वारंगुळाही मला आवडतो, पण त्यात पाळीपाळीने येणं आहे. यासीतले सगळे एकाच वेळी राबतात, म्हणून माझं मत सावडीला.

मूळ लेखक

आभारी आहे. मोजीक, मार्जिनालिया ‘स्वतंत्र’, सर्क्सएनजी ‘बहुठाणी’, यासी ‘सावडीचं शोधयंत्र’, आणि पहिल्या उल्लेखाला सावडीचा अर्थ एका वाक्यात. ‘निर्देशांक’ सगळीकडून काढला. आता ‘क्रॉलर’ तेवढा राहिला. ‘सरपट्या’ लिहायला हात धजत नाही.

प्रतिसाद २

क्रॉलर क्रॉलरच राहू द्या. ट्रॅक्टरला कुठे आपण दुसरं काही म्हणतो?