स्वमग्न मुलगा निवासी संस्थेत आहे आणि भेटी बंद आहेत: संस्थेकडे नेमके काय मागावे?

प्रश्न (एक आई, अमळनेर तालुका, मे २०२०)

माझा मुलगा २६ वर्षांचा असून स्वमग्न आहे (त्याला ऑटिझम आहे). गेली चार वर्षे तो धुळे जिल्ह्यातील एका निवासी संस्थेत राहतो. २५ मार्चला कोरोनामुळे टाळेबंदी लागल्यापासून भेटी बंद आहेत, आणि आता धुळे व जळगाव हे दोन्ही जिल्हे रेड झोनमध्ये, म्हणजे सर्वाधिक धोक्याच्या गटात, असल्यामुळे त्या लवकर सुरू होतील असे वाटत नाही.

दर वर्षी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मी त्याला घरी आणते. दारातल्या निंबाला झोका बांधलेला असतो आणि तो त्यावर दिवसभर बसतो. यंदा २६ एप्रिलला, कोणी काही सांगितलेले नसताना, त्याने स्वतःची पिशवी भरली आणि दुपारपर्यंत तो संस्थेच्या पायरीवर बसून राहिला. तो मोजकेच शब्द बोलतो, येणाऱ्या प्रत्येकाला त्या दिवशी त्याने “माय उनी का?” (अहिराणी बोलीत “आई आली का?”) एवढेच विचारले. त्यानंतर तो मनगटाला चावू लागला आहे. कर्मचारी निम्म्यावर आले आहेत आणि संध्याकाळचे फिरणे बंद झाले आहे. “हट्ट वाढला आहे, रात्रीचे औषध थोडे वाढवावे लागेल,” असे मला फोनवर सांगण्यात आले. संस्थेवर माझा राग नाही, परंतु गप्प बसणेही मला जमत नाही. मी काय मागावे? त्याला घरी आणावे का?

उत्तर १ (विशेष शिक्षक, धुळे)

ताई, सर्वप्रथम “हट्ट” हा शब्द बाजूला ठेवण्याची विनंती आपण संस्थेला करावी. स्वमग्न माणसाला दिवसाचा ठरलेला क्रम हा आधार असतो. टाळेबंदीने तो एका रात्रीत काढून घेतला आणि त्याच्या जागी काय येणार हे त्याला समजेल अशा रीतीने कोणी सांगितले नाही. आखाजी त्याला तिथीने नव्हे, तर उन्हावरून आणि आंब्याच्या वासावरून कळली असेल. त्याने पिशवी भरली, यातच त्याची समज दिसते.

दुसरी गोष्ट औषधाची. चावणे अचानक सुरू झाले असेल तर आधी शरीर तपासले पाहिजे, म्हणजे दाढ, कान, बद्धकोष्ठता आणि या दिवसांत उन्हाने कमी झालेले पाणी. ज्याला “दुखते” असे सांगता येत नाही, तो ते असेच सांगतो. मानसोपचारतज्ज्ञांनी स्वतः विचारपूस करून लिहून दिल्याशिवाय मात्रा वाढवू नये, असे आपण लेखी कळवावे. २५ मार्चच्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांमुळे डॉक्टरांना व्हिडिओवरून सल्ला देता येतो, त्यामुळे डॉक्टर येऊ शकत नाहीत हे कारण आता पुरेसे नाही.

तिसरी गोष्ट फिरण्याची. रस्त्यावर जाता येत नसले तरी आवाराच्या आत, रोज त्याच वेळी, शक्य तर त्याच माणसासोबत फेरी मारता येईल. ब्रिटनमध्ये व्यायामासाठी दिवसातून एकदाच बाहेर पडण्याचा नियम होता. तेथील सरकारने ८ एप्रिलला स्वमग्न व्यक्तींना गरजेनुसार एकाहून अधिक वेळा बाहेर पडण्याची मुभा दिली. फिरणे ही त्यांची गरज आहे, हे तेथे मान्य झाले.

भिंतीवर चित्रांची पट्टी लावावी: अंघोळ, नाश्ता, फेरी, जेवण, आईचा फोन. “कोरोना गेल्यावर आई येईल” असे मात्र कोणीही म्हणू नये, कारण ते कधी हे कोणालाच ठाऊक नाही आणि तो ते वाक्य धरून रोज दाराशी बसेल. जे नक्की घडणार आहे तेवढेच पट्टीवर असावे.

उत्तर २ (एक वडील, भुसावळ)

वरील सल्ला योग्य आहे, परंतु अठरा मुलांमागे दोन माणसे उरली असतील तर चित्रांची पट्टी लावणार कोण? म्हणून आधी माणसांचा प्रश्न सोडवावा. केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने २६ मार्चला काढलेल्या सूचनांमध्ये काळजीवाहकांना टाळेबंदीतून सूट द्यावी किंवा सोप्या पद्धतीने पास द्यावेत, असे म्हटले आहे. त्याची प्रत जोडून जिल्हाधिकारी कार्यालयाकडे अर्ज करावा. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ चे कलम ८ आपत्तीच्या काळात समान संरक्षणाचा हक्क देते, त्याचाही उल्लेख करावा.

घरी आणण्याबाबत माझा अनुभव सांगतो. मी माझ्या मुलीला मार्चमध्ये घरी आणले. पहिले दहा दिवस तिला घर परके वाटले आणि ती रात्री जागीच राहिली. परत पाठवताना १४ दिवस वेगळ्या खोलीत ठेवावे लागेल, असे संस्थेने सांगितले आहे. तो विलगीकरणाचा काळ तिला कसा झेपेल या विचाराने मला झोप लागत नाही. आणायचेच असेल तर लांबच्या मुक्कामाची तयारी ठेवूनच आणा.

ती संस्थेत असताना आम्ही व्हिडिओ कॉल करून पाहिला, तेव्हा तिने मोबाईल उलटा करून त्याच्या मागे मला शोधले आणि मग ती रडू लागली. त्यानंतर आम्ही फक्त आवाज रेकॉर्ड करून पाठवू लागलो आणि त्यासोबत तिच्या आईची जुनी गोधडी, न धुता. त्याचा उपयोग झाला.

उत्तर ३ (काळजीवाहक, नंदुरबार जिल्हा)

मी २४ मार्चपासून संस्थेच्या आतच राहते. माझी स्वतःची मुले शहाद्याला त्यांच्या आजीकडे आहेत. हे तक्रार म्हणून लिहीत नाही, पण पालकांनी आमच्याशी बोलताना एवढे लक्षात ठेवावे.

आपण पाठवलेल्या वस्तूंइतकीच आम्हाला माहिती लागते. उद्या त्याला दवाखान्यात न्यावे लागले, तर तेथे त्याला ओळखणारे कोणी नसेल. म्हणून एका कागदावर लिहून द्या: दुखल्यावर तो काय करतो, कोणता स्पर्श त्याला सहन होत नाही, पाणी कोणत्या पेल्यातून पितो, कोणत्या शब्दाने शांत होतो. “माय” या शब्दाचा अर्थही लिहा, कारण तेथील नर्स अहिराणी जाणणारी असेलच असे नाही.

मास्कमुळे आमचे चेहरे झाकले गेले आणि दोन मुले आम्हाला ओळखेनाशी झाली. आम्ही छातीवर स्वतःचे मोठे फोटो लावले. मुलांच्या तोंडावर एकदम मास्क बांधला नाही. आधी हातात दिला, मग गालाला लावला, मग दहा आकडे मोजेपर्यंत ठेवला. तिघे आजही लावत नाहीत आणि आम्ही जबरदस्ती करत नाही, त्यांच्याजवळ जाताना आम्हीच अधिक काळजी घेतो. सॅनिटायझरची बाटली कुलपात ठेवतो, कारण एका मुलाने ती तोंडाला लावली होती. साबण आणि पाणी पुरेसे आहे.

फोनची वेळ ठरवा आणि ती पाळा. सहाला म्हणून साडेसहाला केलेला फोन न केल्यापेक्षा वाईट ठरतो.

प्रश्नकर्ती

आपणा तिघांचे मनापासून आभार. अधीक्षकांशी काल बोलले. आवारातील फेरी सोमवारपासून सुरू होईल आणि डॉक्टरांनी व्हिडिओवर पाहिल्याशिवाय औषध वाढवणार नाहीत, असे त्यांनी मान्य केले. दाढेचे अजून कळलेले नाही. कर्मचाऱ्यांच्या पासचा अर्ज त्यांच्याच सहीने जाईल. घरी आणण्याचा विचार सध्या थांबवला आहे, तरी मन त्याला पूर्ण तयार नाही.

कागद लिहायला बसले तेव्हा लक्षात आले की तो पाणी फक्त पितळी पेल्यातून पितो, हे मी चार वर्षांत तेथे कोणाला सांगितलेच नव्हते. उद्या पहाटे भाजीचा टेम्पो धुळ्याला जाणार आहे. त्यात पेला आणि माझे एक न धुतलेले लुगडे पाठवते आहे.